तुरुंगात संगीतोपचाराचं सत्र घेताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती सत्र अर्धवट तोडण्याची चूक. गाण्याने मुलांची आठवण उसळलेली असते आणि तेवढ्यात गिनतीची, म्हणजे कैदी मोजण्याची, हाक येते. संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत ते सगळं त्या माणसाने एकट्याने सोसायचं. म्हणून सत्र सकाळी ठेवा. तासातली शेवटची पंधरा मिनिटं शांत होण्यासाठीच राखा: सगळ्यांनी मिळून खालचा ‘सा’ धरायचा, मग चार मात्रा श्वास आत, सहा मात्रा बाहेर. त्यानंतर प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारा, आता कसं वाटतंय. कुणी मरणाची भाषा केली तर त्याला तसंच बराकीत पाठवू नका, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच सांगा. असं सांगावं लागतं, हे पहिल्याच दिवशी गटाला स्पष्ट करा. नंतर कळलं तर विश्वास उडतो.

उदास माणसापुढे एकदम जोशाचं गाणं लावू नका, तो आणखी आत मिटतो. आधी त्याच्या मनाला जुळणारी संथ लय घ्या आणि तीन-चार गाण्यांत ती हळूहळू वाढवा. गाणी बंद्यांनाच निवडू द्या. नुसती भजनं घेतली तर बाकीचे गळतात. महिला विभागात अंगाई विचारल्याशिवाय नकोच. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, पण शेजारच्या बाईचं मूल बाहेर असतं.

तबल्याची हातोडी, गिटारच्या सुट्या तारा, टाळांची दोरी या वस्तूंनी इजा होऊ शकते. हातोडी बाहेरच ठेवा, डफ आणि हार्मोनियमवर भागतं. प्रत्येक वस्तू आत जाताना आणि बाहेर येताना वॉर्डरसमोर मोजून वहीत लिहा. एक तार कमी भरली तरी झडती होते आणि उपक्रमच बंद पडू शकतो.

दगडी खोलीत आवाज घुमतो. नशा सुटताना तडफडणाऱ्याला किंवा भास होणाऱ्याला तो सहन होत नाही. गट आठ-दहा जणांचाच ठेवा, स्पीकर टाळा.

बारा सत्रांची सलग मालिकाही आखू नका. २०२२ अखेर देशातले सुमारे ७६ टक्के बंदी न्यायाधीन होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा होता. आज तारीख, उद्या जामीन, परवा बदली. प्रत्येक सत्र स्वतःपुरतं पूर्ण हवं.

आणि बरं वाटू लागलं म्हणून कुणी गोळ्या सोडत नाही ना, हे दर वेळी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय असायला हवी. गंभीर आजार असलेल्याला तिथे पाठवण्याची मागणी अधीक्षकांकडे लेखी करा.