काजूत ग्रास कटर घालण्याआधी बुंधा हाताने मोकळा करा

परतीचा पाऊस ओसरला की कोकणातल्या काजू बागांतून ग्रास कटरचा आवाज सुरू होतो. कंबरभर गवत, रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळ्या, कुड्याची फूट, हे सगळं मोहोर लागण्याआधी आडवं करायचं असतं. ही घाई खरी आहे. ऑक्टोबर हातचा गेला तर गवत जागेवर वाळतं, बी झडतं आणि पुढे उन्हाळाभर वणव्याची धास्ती राहते. म्हणून या पंधरवड्यात मशीन लावाच. पण त्याआधी एक काम करा. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरचं वर्तुळ कोयती-विळ्याने साफ करून घ्या. आधी विळा, मग मशीन.

काजू मेलेल्या बागा मी बघत आलो आहे आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवात या एका हयगयीतून झालेली दिसली. साफसफाई उक्ती दिलेली असते, मशीनवाल्याला संध्याकाळपर्यंत बाग संपवायची असते आणि बुंध्यालगतचं गवतही तो पात्यानेच उडवतो. पातं सालीला लागतं. बोटभर जखम होते, तिच्याकडे कुणी बघत नाही. काही महिन्यांनी तिथून डिंक येतो, मग लाकडाचा भुसा पडतो, दोन वर्षांत पानं पिवळी पडतात. तो रोठा असतो, म्हणजे काजूचं खोड आणि मुळं पोखरणारी कीड. त्याचा भुंगेरा जमिनीलगतच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि अळी साल व लाकडाच्या मधून पोखरत मुळांपर्यंत जाते. पात्याची ताजी जखम त्याला आयती भेग मिळवून देते, डिंकाच्या वासावर तो येतही असावा. हा माझा बांधावरचा अंदाज आहे, पण पात्याचे घाव बसलेल्या ओळीतच रोठा आधी दिसलेला मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. आंब्याच्या बागेतही हीच काळजी घ्या. तिथे भिरूड, म्हणजे आंब्याचं खोड पोखरणारी कीड, टपलेलं असतं.

‘आम्ही नायलॉनची दोरी लावतो, तिने काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. होतं. दोन-तीन वर्षांच्या कलमाची साल कोवळी असते. दोरी भोवताली फिरली तर ती साल सोलून काढते आणि पूर्ण कडं सोललं गेलं की कलम वाचत नाही. गवतात लपलेली नवी कलमं तर पात्याखाली सरळ कापली जातात. प्रत्येक कलमाशेजारी उंच काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधा आणि मशीनवाल्याला बागेत फिरवून ती दाखवा.

आता पात्यांचं. दुकानात गेलात की ८० दातांचं कार्बाइड टोकाचं गोल पातं पुढे केलं जातं. ते वाईट नाही, पण ते झुडपांच्या लाकडासाठी आहे. नुसत्या गवतासाठी त्यावर पैसे घालवू नका, आणि आपल्या जांभ्या कातळावर तर मुळीच नको. एक दगड लागला की टोकं उडतात, मग पातं हिसके देतं आणि हिसका देणारं पातं बुंध्यावर जातं. जाड गवत आणि अंगठ्याएवढ्या झुडपांना तीन पात्यांचं साधं पातं पुरतं आणि ते कानशीने घरी लावता येतं. तिन्ही बाजूंना सारखे हात मारा, नाहीतर तोल जातो. रानमोडी-घाणेरीचे जुने ठोंब असतील तिथेच गोल दात्यांचं पातं चढवा. मनगटाएवढं खोड कोयत्याने किंवा चेन-सॉने तोडा. सुतारकामाचं पातं, गाडीच्या पाट्यापासून बनवलेलं पातं किंवा साखळीचं हेड (पात्याच्या जागी साखळीचे तुकडे फिरवणारं) कुणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नका. साखळीची तुटलेली कडी गोळीसारखी सुटते. युरोपीय संघाने २०१२ साली अशा हेडवर बंदी घातली.

पातं वरून पाहिलं तर बहुतेक मशीनांत घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून झाडणी उजवीकडून डावीकडे करा आणि पात्याची पुढची उजवी बाजू ठोंबावर टेकवू नका. तिथे टेकलं की मशीन उजवीकडे उसळतं आणि माणसाच्या हातात राहत नाही. वर्तुळ आधीच मोकळं असेल तर बुंध्याजवळ पातं नेण्याची गरजच उरत नाही.

नेहमीची कामं:
- पात्याचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी बघा
- टू-स्ट्रोकमध्ये ऑईल मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे (२५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली)
- गरम इंजिनात पेट्रोल नको
- गिअर हेडला ग्रीस
- चष्मा, बूट, जाड पँट, पट्टा
- १५ मीटरच्या आत माणूस किंवा जनावर नको
- तडा गेलेलं पातं भंगारात, वेल्डिंग नाही
- दगड, तारा आधी वेचून काढा

काही दुकानदार मशीनऐवजी ग्लायफोसेट हे तणनाशक घ्या म्हणतील. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली. शिवाय कलमांच्या हिरव्या सालीवर आणि पालवीवर त्याचे थेंब उडाले तर कलम खुरटतं.

काळजी घेऊनही घाव बसलाच तर त्याच संध्याकाळी बोर्डो पेस्ट लावा. महागड्या ट्यूबची गरज नाही. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून एकत्र करा. सुटलेली साल धारदार चाकूने कडेने नीट छाटा आणि ब्रशने लेप द्या. साफसफाईच्या दुसऱ्या दिवशी मालकाने स्वतः प्रत्येक बुंधा वाकून बघायचा आहे, हे मजुरावर सोडू नका.

मग डिसेंबरपासून महिन्यातून एकदा बुंधे तपासा. भुसा किंवा डिंक दिसला तर पटाशीने साल काढा, तारेच्या हुकाने अळी ओढून मारा आणि तो भाग व बुंधा क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, लिटर पाण्याला १० मिली, या द्रावणाने भिजवा. हातमोजे घाला. अळी काढल्याशिवाय नुसतं औषध ओतलं तर ते आत पोचत नाही. बुंध्याच्या निम्म्याहून जास्त घेराची साल गेली असेल किंवा पानं पिवळी पडली असतील तर ते झाड वाचत नाही. ते मुळासकट काढा आणि त्याचं लाकूड बागेच्या कडेला सरपण म्हणून रचून ठेवू नका. आतल्या अळ्यांचे भुंगेरे त्यातूनच निघून शेजारच्या झाडांवर जातात.