हरणाला तुमचा वास येतोच: मचाणावरच्या या चुका टाळा

पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार धनुष्यबाणाने करायची तर ते वीस-पंचवीस यार्डांवर येईपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्या अंतरात आपला घात बहुतेक वेळा त्याचे नाकच करते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्येला, हिमयुगातील बर्फाने न घासलेल्या डोंगर-घळींच्या मुलखात, मी अनेक वर्षे रीतसर परवाना काढून मचाणावर बसतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, म्हणून पुढचे सगळे इकडच्या हंगामापुरतेच समजावे. या हंगामात उतरणारे नवे मराठी शिकारी दरवर्षी मला वास घालवणाऱ्या फवाऱ्याचे नाव विचारतात. वारा कसा पाहावा, हे मात्र अजून एकानेही विचारलेले नाही.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे वास संपवता येतो असे मानणे. माणसाचा वास कपड्यांत नसून अंगात असतो. घाम आणि त्वचेची गळणारी सूक्ष्म खपली यांवर जिवाणू पोसले जातात, त्यातून वास तयार होतो, आणि अंघोळीने धुतलेले जिवाणू काही तासांत पुन्हा वाढतात. श्वास तर मचाणावर बसल्या क्षणापासून उतरेपर्यंत चालूच असतो. कोळशाच्या अस्तराचा महागडा सूट मीही पहिल्या वर्षी घेतला होता. तो घरच्या ड्रायरमध्ये फिरवला की ‘ताजा’ होतो असे विक्रेत्याने सांगितले होते. वास शोषून भरलेला कोळसा खऱ्या अर्थाने मोकळा करायला कित्येकशे अंश तापमान लागते, हे मला नंतर कळले. जॉन शिविक या संशोधकाने २००२ मध्ये असे कपडे घातलेल्या माणसांच्या शोधार्थ श्वानपथकातील कुत्रे सोडले, तेव्हा कुत्र्यांनी जवळजवळ प्रत्येकाला हुडकून काढले. हरणाचे नाक कुत्र्याच्या नाकाहून फारसे उणे धरण्याचे मला काही कारण दिसत नाही.

त्या सुटाच्या भरवशावर मी चार संध्याकाळी वाया घालवल्या. ऑक्टोबरचा शेवट होता. माझे मचाण उतारावर, पायथ्यापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर होते. खाली ओढा होता आणि ओढ्याच्या काठाने हरणे दिवस मावळताना मक्याच्या शेताकडे जात. फोनवरचा अंदाज वायव्येचा मंद वारा दाखवत होता, त्यामुळे माझा वास घळीवरून आग्नेयेला निघून जाईल असा माझा हिशेब होता. पश्चिमेच्या डोंगराआड सूर्य गेला, उतारावर सावली पडली आणि वारा पडला. थोड्याच वेळात दोन पाडसे घेऊन एक मादी आली. बरोबर माझ्या खाली, चाळीस यार्डांवर, ती एखाद्या भिंतीला अडावी तशी थांबली, नाक वर केले आणि नाकपुड्यांतून असा फुत्कार टाकला की मागच्या झुडपांत मला न दिसलेली आणखी तीन हरणे शेपट्या उभारून उधळली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी दोष दिला घरातल्या हिंगाच्या फोडणीला. कपडे पुन्हा धुतले, डोक्याला खोबरेल तेल लावणे सोडले, बायकोला आठवडाभर लसूण परतू दिला नाही. त्यावर ती काय म्हणाली ते येथे लिहिण्यासारखे नाही.

पाचव्या दिवशी शेजारच्या शेतमालकाने खिशातून मिल्कवीडची एक वाळलेली शेंग काढली. आपल्याकडे रुईच्या शेंगेतून ज्या ‘म्हाताऱ्या’ उडतात आणि लहानपणी आपण ज्या फुंकत पळतो, त्याच कुळातील ही वनस्पती. माझ्या मचाणाखाली उभे राहून त्याने एक तंतू सोडला. तो क्षणभर आग्नेयेकडे सरकला, मग जणू कोणी दोरा ओढावा तसा खाली वळला आणि गवताच्या शेंड्यांना घासत, पन्हाळीतून पाणी उतरावे तसा थेट ओढ्याकडे गेला. सावली पडली की उताराची जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा जड होते आणि खाली घरंगळते. सकाळी ऊन लागले की तीच हवा उतारावरून वर चढते. हवामानखात्याचा वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला असतो. तो जोराचा असेल तर ही चढ-उतार पुसली जाते. मंद असेल तर घळीत त्याला कोणी विचारत नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी मी ओढ्याच्या पातळीवरच बसतो. थंड हवा ओढ्याच्या प्रवाहाबरोबर खाली वाहते, त्यामुळे हरणे प्रवाहाच्या वरच्या अंगाने येतील अशी वाट मी निवडतो आणि बाण सोडायची जागा माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीची ठरवतो. त्या घळीतली पहिली मादी मला मिळाली ती असे बसल्यावर, साध्या लोकरी कोटात.

दुसरी चूक घाईची आहे, आणि तिच्याविषयी माझे मत फारसे सौम्य नाही. मित्राचा मुलगा गेल्या वर्षी माझ्याबरोबर आला. उशिरा उठला, वाटेत पेट्रोल भरले, त्याच हातांनी दोर आणि धनुष्य उचलले, जाड जाकीट गळ्यापर्यंत लावून चढण जवळजवळ धावत चढला आणि मचाणाखाली घामाने निथळत उभा राहून फवाऱ्याची अर्धी बाटली स्वतःवर रिकामी केली. “काका, बाटलीवर शंभर टक्के लिहिलंय,” असे त्याचे म्हणणे. “बाटलीला घाम येत नाही रे,” एवढेच मी म्हणालो. माझी सवय अशी की पेट्रोल आदल्या दिवशी भरायचे, अर्धा तास लवकर निघायचे, पातळ सदऱ्यावर सावकाश चालायचे, जाकीट पाठीवर बांधून न्यायचे आणि वर बसून अंग निवल्यावरच घालायचे. रबरी बूट मी गाडीतून उतरल्यावर चढवतो, कारण गाडीच्या पायपुसण्यावर सगळा गाव असतो. जाताना फांद्या हातांनी बाजूला सारत नाही. शक्यतो ओढ्याच्या पाण्यातूनच चालतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतात. सुगंधी साबणाने कपडे धुऊन डांबरगोळ्यांच्या कपाटात ठेवू नयेत. मी बिनवासाच्या साबणाने धुतो, बाहेर दोरीवर वाळवतो आणि झाकणाच्या पेटीत ठेवतो, पण हे दाढी करण्याइतकेच महत्त्वाचे समजतो, त्याहून अधिक नाही. वास मारण्यासाठी वापरतात त्या ओझोन वायूच्या यंत्राने फुप्फुसांना त्रास होतो आणि रबर व इलॅस्टिक कुजते, तेव्हा ते बंद खोलीत लावून त्याच खोलीत बसणाऱ्यांना मी हात जोडतो. हरणांना भुलवण्यासाठी बाटलीतले हरणाचे मूत्र मी वापरत नाही: विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडलेल्या आणि हरणांचा मेंदू पोखरणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या रोगाचे प्रिऑन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिने, मूत्रातूनही बाहेर पडतात, आणि काही राज्यांनी त्यामुळेच या बाटल्यांवर निर्बंध घातले आहेत.

हरीण बिथरले तर आधी कशाने बिथरले ते ओळखावे. मान खाली-वर करीत, पुढचा पाय आपटत ते तुमच्याकडे टक लावून पाहत असेल, तर त्याने हालचाल टिपली आहे. निश्चल राहिलात तर ते पुन्हा चरूही लागेल. तुमच्याकडे न पाहताच फुत्कारून उधळले, तर वास पोहोचला आहे, आणि त्या मचाणावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा बसण्याचा हट्ट धरू नये. मी अशी जागा किमान आठवडाभर सोडून देतो आणि तोवर दुपारी तेथे तंतू सोडूनही पाहत नाही.

मिल्कवीडच्या शेंगा सप्टेंबरअखेर, त्या उकलण्याच्या आत तोडाव्यात आणि कोरड्या डबीत झाकून ठेवाव्यात, कारण एकदा भिजलेला कापूस गोळा होऊन सरळ खाली पडतो आणि हवेविषयी काहीच सांगत नाही.