रानात मुद्दाम उभा केलेला दगड दिसला तर काय करायचं
माळावर एखादा उभा दगड दिसला आणि वाटलं की हा आपोआप असा राहिलेला नाही, फार पूर्वी कुणीतरी उभा केलाय, तर आधी जरा लांबच थांबा. आपलं लक्ष सगळं दगडाकडे असतं पण अर्धी माहिती त्याच्या बुडाशी मातीत असते, दगड उभा करताना खड्डा खणून आधाराला लहान दगड ठोकलेले असतात, त्यात कधी कोळशाचा तुकडा सापडतो आणि कार्बन डेटिंग (म्हणजे किती जुनं ते काढायची तपासणी) त्या कोळशाचं होतं, दगडाचं नाही. म्हणून उकरून बघायचा मोह अजिबात नको.

नुसत्या पावलांनीही माती जाते बरं का. फ्रान्समध्ये कार्नाकला हजारो वर्षांपूर्वी रांगांनी उभे केलेले 3000 च्या आसपास दगड आहेत, तिथे पर्यटकांच्या वर्दळीने गवत मेलं, माती वाहून बुडं उघडी पडायला लागली, शेवटी कुंपण घालावं लागलं.

फोटो सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना काढा, तिरप्या उन्हात बारीक कोरीवकाम पण दिसतं जे दुपारी दिसतच नाही. चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी धरून, आणि एक लांबून, आजूबाजूचे दगड येतील असा. उंची, रुंदी, जाडी, रुंद बाजूचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि जीपीएस लोकेशन लिहून ठेवा. खडूने रेषा ठळक करू नका, दगडफूल खरवडू नका (ते फार हळू वाढतं आणि त्याच्याबरोबर दगडाचा वरचा थरही निघतो), आणि जवळ शेकोटी तर नकोच नको. इंग्लंडमध्ये एव्हबरीला असेच प्राचीन उभे दगड आहेत, 17व्या-18व्या शतकात ते फोडायची पद्धतच ती होती, जाळ करून तापवायचा, वर गार पाणी ओतायचं, मग घण. आडवा पडलेला दगड उभा करायला जाऊ नका.

मग पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. दगड छोटा असला तरी कळवाच, कारण 2023 मध्ये कार्नाकलाच 39 लहान उभे दगड एका दुकानाच्या बांधकामात गेल्याची बातमी आली होती, मोठ्या रांगांना संरक्षण आणि ह्यांना नाही, वाचून जीव तुटला. नोंद होईपर्यंत लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, गुप्तधन शोधणारे आधी पोचतात. जमिनीच्या मालकाला मात्र पहिल्याच दिवशी विश्वासात घ्या, त्याची परवानगी तर लागतेच, आणि नांगर किंवा जेसीबी त्या बाजूला वळला तर अडवायला तोच जागेवर असतो.