वॉटर-फेड पोलसाठी ब्रश कसा निवडावा

वॉटर-फेड पोलने, म्हणजे टोकाला ब्रश असलेल्या आणि त्या ब्रशपर्यंत नळीने पाणी नेणाऱ्या लांब दांड्याने, खिडकी धुतल्यावर काच पुसायची नसते. क्षार जवळजवळ शून्यावर आणलेले पाणी ब्रशमधून काचेवर येते, केस मळ सुटा करतात आणि तेच पाणी तो मळ खाली वाहून नेते. मागे राहिलेले थेंब वाळले तरी डाग उमटत नाहीत. त्यामुळे ब्रश घासतो कसा, याइतकेच त्याच्यामुळे काच निथळते कशी, हेही पाहावे लागते, आणि खरेदी करताना नेमके हेच राहून जाते.

म्हणून आधी काच ओली करून पाहावी. पाणी सलग पडद्यासारखे खाली उतरत असेल, तर सरळ, बारीक धारेचे दोन जेट, म्हणजे ब्रशमधून पाणी सोडणाऱ्या तोट्या, पुरतात. पाणी थेंबाथेंबांत फुटून मध्ये कोरडे पट्टे राहत असतील, तर अशा धारा त्या पट्ट्यांवरचा मळ तसाच ठेवतात. तिथे पंख्यासारखी पसरट धार देणारे जेट किंवा ब्रशच्या वरच्या बाजूला बसणारा रिन्स बार, म्हणजे काचेवर पाणी सोडणारी आडवी पट्टी, घ्यावा. जेट वाढवले की तेवढेच पाणी अधिक वाटांनी विभागले जाते, हेही लक्षात असावे. पंप लहान असेल तर चार जेटच्या धारा लुळ्या पडतात.

केसांची निवड मात्र सावकाश करावी. नायलॉनचे केस पाणी शोषून थोडे मऊ पडतात, तर पॉलिएस्टरचे केस भिजल्यावरही आपला ताठपणा बऱ्यापैकी टिकवतात. डुकराचे नैसर्गिक केस पक्ष्यांची विष्ठा आणि चिकटलेले किडे फार चांगले काढतात. पण ते महाग असतात आणि भिजल्यावर जड होतात, म्हणून अनेक महिने न धुतलेल्या काचांच्या पहिल्या धुलाईसाठी ते राखून ठेवणे मला योग्य वाटते. केसांची टोके अंगठ्याने बाजूला करून जवळून पाहावीत. टोके चिरून पिंजल्यासारखी केलेली असतील, तर ती पाणी धरून ठेवतात आणि काचेवर हळुवार फिरतात. नेहमी धुतल्या जाणाऱ्या खिडक्यांना असाच ब्रश शोभतो. अखंड टोकांचा केस अधिक जोराने खरवडतो आणि काचेवरून सहज सरकतो. कोणताही ब्रश घेतला, तरी काचेवर वाळूचे कण असतील तर ते पाण्याने वाहून गेल्याशिवाय घासायला सुरुवात करू नये, कारण ओरखडा केसाने नव्हे, केसाखाली अडकलेल्या कणाने पडतो.

रुंदीचा मोह आवरावा. सुमारे ४५ सेंटिमीटरचा ब्रश मोठ्या सलग काचांवर काम झपाट्याने उरकतो, पण लहान तावदानांच्या खिडकीत तो चौकटीवर आपटत राहतो. तिथे २५ ते ३० सेंटिमीटरचा ब्रश कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. शिवाय पोलच्या टोकाचे प्रत्येक १०० ग्रॅम हातांना आणि खांद्यांना कितीतरी अधिक जाणवतात. दुकानात कोरडा ब्रश हलका वाटला म्हणून फसू नये; तो ओला करून, पोल पूर्ण लांबवून आणि उभा धरून काही मिनिटे वर-खाली फिरवून पाहावा, मात्र जवळपास विजेच्या तारा नाहीत याची खात्री करूनच.

ब्रश पोलवर नीट बसतो का आणि त्याचा कोन बदलता येतो का, हे तपासून घ्यावे. उंच खिडकीवर पोल तिरका झुकलेला असतो, आणि कोन जुळला नाही तर केसांची एकच कड काचेला लागते. ही कड लवकर झिजते, केस बाहेरच्या बाजूला फाकतात आणि मधल्या पट्ट्यात मळ राहू लागतो. ते दिसले की ब्रश बदलावा.