रंग चढला, सीजी सरकला: एरोबॅटिक मॉडेल पहिल्यांदा उडवताना या चुका टाळा

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की आमच्या माळावर रिमोटवर उडणारी नवी मॉडेल विमानं यायला लागतात. पावसाळाभर घरात बसून, रात्री जागून केलेली. आणि दरवर्षी त्यातली दोन-तीन पहिल्याच मिनिटात जमिनीत शिरतात. वाऱ्यामुळे नाही, मोटार बिघडली म्हणूनही नाही. कारणं तीच असतात, फक्त विमान दुसऱ्याचं असतं. गेली पंधरा वर्षं मी बाल्साचे, म्हणजे विमानाच्या हलक्या लाकडाचे, तुकडे वेचायला मदत करतोय, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो एका चुकीवर. सांगाडा तयार झाला की लोक हौसेने सीजी बघतात, म्हणजे विमान कुठे तोललं जातं ते. मग रंग लावतात. आणि रंगानंतर पुन्हा बघतच नाहीत. रंगाला वजन असतं हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटायचं नाही, पण लागतं.

गेल्या हिवाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा एक्स्ट्रा ३०० या कसरतीच्या विमानाचं मॉडेल घेऊन आला. ४८ इंची पंख, चार सेलची बॅटरी, रंगाआधीचं वजन साधारण १४०० ग्रॅम. बांधणी इतकी स्वच्छ की मी दोनदा हातात घेऊन पाहिलं. शेपटीवर हवाई दलाच्या सूर्यकिरणच्या विमानांसारखा लाल-पांढरा रंग, वर क्लिअर कोट, आरशासारखी चकाकी. मी विचारलं, "सीजी बघितलास का?" तो म्हणाला, "हो काका, बघितलाय." मी पुढे काही विचारलं नाही, आणि ते मला अजून बोचतं.

विमान त्याने एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढायच्या आधीच उठलं. नाक वर गेलं, त्याने स्टिक पुढे ढकलली, विमान खाली आलं, त्याने ओढली, ते आणखी उभं राहिलं. तिसऱ्या हिंदोळ्याला वेग संपला, डावा पंख पडला आणि नाक थेट मुरमात. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. मुलगा काही बोलला नाही. चार महिन्यांचं काम होतं ते.

शेपूट अख्खी निघाली होती. त्याच्या वहीत सुट्या भागांची वजनं लिहिलेली होती, त्यामुळे घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. प्रायमर, पांढरा, लाल आणि क्लिअर मिळून ३० ग्रॅम वाढले होते. मूठभर शेंगदाणे. पण ते शेंगदाणे सीजीच्या ६५० मिलीमीटर मागे बसले होते. ३० गुणिले ६५० म्हणजे १९,५००. त्याला विमानाच्या नव्या वजनाने, १४३० ने भागा. सीजी साधारण १४ मिलीमीटर मागे गेला. त्याने तो आधीच ८० मिलीमीटरवर, म्हणजे २५० मिलीमीटरच्या कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) ३२ टक्क्यांवर ठेवला होता. तो ३७ टक्क्यांच्याही पलीकडे सरकला, आणि पहिल्या उड्डाणात तिथे विमान सांभाळणं नवख्या हाताचं काम नाही.

आणि उपाय किती सोपा होता! ३०० ग्रॅमची बॅटरी ६५ मिलीमीटर पुढे सरकवली असती तर हिशोब जुळला असता. तेवढी जागा नसेल तर नाकात शिसं, पण ते ७५-८० ग्रॅम लागतं, कारण नाक सीजीपासून शेपटीइतकं लांब नसतं. म्हणून मी शेपटीवर ब्रश किंवा स्प्रे लावतच नाही, तिथे फक्त कव्हरिंग फिल्म. रंगाची हौस काउलवर, म्हणजे मोटारच्या झाकणावर, आणि पुढच्या भागावर भागवतो. सीजी मी मैदानावर जायच्या आदल्या रात्री बघतो: बॅटरी, प्रॉप (पंखा), स्पिनर (त्याची टोपी), चाकं सगळं लावून. पहिल्या उड्डाणाला कॉर्डच्या २५ टक्क्यांवर ठेवतो, पुढे प्रत्येक बॅटरीला थोडा थोडा मागे नेतो. आणि आता मी "बघितलास का" असं विचारत नाही, "कधी बघितलास" असं विचारतो.

रंगाच्या बाकी गोष्टी थोडक्यात. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर दुधाळ पापुद्रा येतो. फोमच्या विमानाला साधा स्प्रे मारलात तर फोम विरघळेल, तिथे पाण्यातला ॲक्रिलिकच. बॅटरीऐवजी इंधनावरचं ग्लो इंजिन असेल तर इंधनातलं मिथेनॉल साधा रंग उचलतं, टू-पॅक पॉलियुरेथेन लागतं. बिजागरीत रंग जाऊ देऊ नका, आणि एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या पंखाच्या पट्टीच्या) मागच्या कडेवर थर चढवू नका. तिथलं वजन वेगात फडफडीला बोलावतं. पंखाची वरची आणि खालची बाजू एकसारखी रंगवू नका. १०० मीटरवर विमान सरळ आहे की उलटं, हे ठरवायला तुमच्याकडे एक क्षण असतो. फिल्म लावलेलं विमान एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलंत तर सुरकुत्या पडतील, आणि त्या घाईने इस्त्री करताना पंखाला पीळ बसेल.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे "हलतंय ना, मग झालं". स्टिक हलवली, एलेरॉन हलले, मोटार फिरली, चला. अहो, कोणत्या दिशेला हलले? एकदा आदल्या संध्याकाळी मी एलेरॉनचे सर्व्हो (ते हलवणाऱ्या छोट्या मोटारी) बदलले आणि सकाळी समोर उभं राहून तपासलं. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं, आणि मला सगळं बरोबर वाटलं. विमान उठलं, किंचित डावीकडे झुकलं, मी उजवी स्टिक दिली, ते आणखी डावीकडे गेलं. माणूस अशा वेळी आणखी जोरात उजवी देतो. मीही दिली. तेव्हापासून मी विमानाच्या मागेच उभा राहतो. उजवी स्टिक, उजवा एलेरॉन वर. स्टिक मागे, एलिव्हेटर वर. उजवा रडर दिला की रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवीकडे. तोंडाने म्हणतो, लोकांसमोरही. तपासणी चालू असताना कुणी गप्पा मारायला आलं तर थांबवतो.

व्हिडिओतल्या थ्रीडी कसरतींचे थ्रो (पट्टी किती अंश हलते ते) बघून एलिव्हेटरला ४५ अंश देणाऱ्यांना काय सांगावं? पहिल्यांदा १०-१२ अंश पुरतात, त्यावर ३० टक्के एक्स्पो, म्हणजे मधल्या भागात स्टिक मऊ करणारी रेडिओतली सोय. त्याचं चिन्हही बघा: फुटाबा कंपनीच्या रेडिओत उणे टाकल्यावर स्टिक मऊ होते, स्पेक्ट्रमच्या रेडिओत अधिक टाकल्यावर. रेडिओ बदलून जुना आकडा जसाच्या तसा टाकलेलं विमान मी पाहिलंय.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमान काय करतं ते, घरी, प्रॉप काढून तपासा: ट्रान्समिटर बंद केला की मोटार थांबलीच पाहिजे. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात. रेंज चेक, म्हणजे सिग्नल किती लांब पोहोचतो ते बघणं, टाळू नका. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या भागात, आहे का ते आधी बघा.

पहिलं उड्डाण सकाळी सातच्या सुमारास, वाऱ्याच्या तोंडावर. ५०-६० मीटर उंची गाठेपर्यंत रोल, लूप काही नाही. आधी ट्रिम, म्हणजे स्टिक सोडल्यावर विमान सरळ जाईल असं जुळवणं. मग त्याच उंचीवर थ्रॉटल कमी करून स्टॉल (वेग संपून विमान पडतं तो क्षण) बघा, म्हणजे उतरताना विमान कोणता पंख टाकतं ते कळेल. टायमर चार मिनिटांचा. लँडिंगला थोडी पॉवर ठेवा. हे शिकाऊंचं ट्रेनर विमान नाही, तरंगत येणार नाही.

उतरल्यावर लगेच दुसरी बॅटरी लावू नका. मी आधी पट्ट्या हलवणाऱ्या सळ्यांचे जोड (क्लेविस, हॉर्न) आणि मोटारचे स्क्रू हाताने चाचपतो, मोटारला हात लावून ती किती तापलीय ते बघतो. मग बॅटरी मोजतो. सेल ३.७-३.८ व्होल्टच्या आसपास निघाले तर टायमर तसाच ठेवतो, त्याखाली असतील तर अर्धा मिनिट कमी करतो.