पंखकृमीला नाव लावताना

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी पार ओसरते आणि रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यावर एरवी बुडालेल्या कपारी उघड्या पडतात. तेथील एखाद्या डबक्यात पंखकृमीचा, म्हणजे नळीत राहणाऱ्या सागरी कृमीचा, पिसारा उमललेला दिसला, तर आधी दुरूनच छायाचित्र घ्यावे, कारण अंगावर सावली पडली तरी हा प्राणी पिसारा क्षणात नळीत ओढून घेतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय एकही नमुना उचलू नये.

ओळखीची सुरुवात नळीपासून करावी. नळी चुन्याची, कडक असेल आणि तोंडाशी झाकण असेल, तर प्राणी बहुधा सर्प्युलिडी कुळातला असतो. चिखल आणि वाळू स्वतःच्या चिकट स्रावात कालवून केलेली चिवट, लवचीक नळी असेल, तर सॅबेलिडी कुळाकडे वळावे. मग भिंगाखाली पिसाऱ्याची एकेक काडी पाहावी. काडीच्या बाहेरच्या कडेला बारीक पाळ्या आणि जोडीजोडीने डोळे असतील, तर प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) ब्रँकिओमा. डोळा काडीच्या टोकाशी असेल, तर ॲक्रोमेगॅलोमा.

रंगावर विसंबू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पिसाऱ्यावरचे तपकिरी पट्टे पाहून मी एका नमुन्याला थेट जातीचे नाव दिले होते. अल्कोहोलमध्ये पट्टे फिके पडले आणि ते नाव पडताळायला हाती काही उरले नाही. जात ठरते ती गळपट्टीची घडण, आकड्यांसारखे सूक्ष्म केस अशा खुणांवरून, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. तोवर प्रजातीपाशीच थांबणे अधिक प्रामाणिक आहे.

नाव लिहिताना कंसाकडे फार बारकाईने पाहावे. साबेला पाव्होनिना हे मोरावरून पडलेले नाव. त्यापुढे जातीचे पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव आणि वर्ष, ‘साव्हिन्यी, १८२२’, असे कंसाविना येते, कारण ही जात आजही मूळ प्रजातीतच आहे. त्याच साव्हिन्यी यांनी त्याच वर्षी वर्णिलेली इंडिका ही जात पुढे साबेलास्टार्टे या प्रजातीत गेली, म्हणून तिथे ‘(साव्हिन्यी, १८२२)’ असे लिहितात. प्रजाती बदलली की विशेषणाचे लिंगही बदलू शकते, आपल्याकडे काळा, काळी, काळे होते तसेच: १८६५ मध्ये बेअर्ड यांनी साबेला नायग्रोमॅक्युलाटा म्हटलेली, म्हणजे काळ्या ठिपक्यांची, जात आज ब्रँकिओमा नायग्रोमॅक्युलाटम आहे.

जुन्या यादीतले नाव उतरवण्यापूर्वी ते आज ग्राह्य आहे का, हे ‘वर्म्स’ या सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीत पाहावे. टोकाशी डोळे असलेल्या वरच्या कृमींना १९२६ पासून मेगॅलोमा म्हणत. पण तेच नाव १८४२ मध्येच एका भुंगेऱ्यांच्या प्रजातीला दिलेले होते. प्राणिनामकरणाच्या संहितेत आधीच्या नावाला मान असल्यामुळे २०१७ मध्ये कृमींसाठी ॲक्रोमेगॅलोमा हे नवे नाव आले. प्राणी तोच, खुणा त्याच, तरीही जुन्या चिठ्ठीवरचे नाव आता चालत नाही.

परवानगीने घेतलेला नमुना आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैल पडू द्यावा, नाहीतर तो आक्रसतो आणि गळपट्टी दिसत नाही. शरीर फॉर्मॅलिनमध्ये ठेवावे. डीएनएसाठी मात्र एक तुकडा त्याआधीच वेगळा काढून अल्कोहोलमध्ये टाकावा, कारण फॉर्मॅलिन डीएनए बिघडवते. ठिकाण, तारीख, ओहोटीची वेळ, नळी कशाला चिकटली होती आणि ओळख कोणी पटवली, एवढे जाड कागदावर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच ठेवावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.