जंताच्या गोळीचा निरोप पालकांपर्यंत कसा पोचवावा

राष्ट्रीय जंतनाशक दिन साधारणपणे 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला असतो. बालरोगतज्ज्ञांनी निदान आठवडाभर आधी शाळेत जावं. भाषण नको, वर्गशिक्षकांना अर्धा तास घेऊन बसा.

गोळीचं सांगणं सोपं आहे: अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, शाळेतल्या मुलाला अख्खी एक, शिक्षकांसमोर, चावून. घरी द्यायची नाही. अंगणवाडीत एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून.

घोडं अडतं ते त्रासाबद्दल लिहिताना. ‘गोळी पूर्ण सुरक्षित आहे, घाबरू नका’ असं कृपा करून लिहू नका. गोळी सुरक्षितच आहे, पण ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला मळमळतं, पोटात दुखतं, एखाद्याला उलटी होते. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्या उलटीला ‘विषबाधा’ हा शब्द गावभर होतो आणि पालक फाटकाशी जमतात. मग तुमचं खरंही कुणी ऐकत नाही.

निरोप वर्गशिक्षकांच्याच नावाने जाऊ द्या, ग्रुपवर आणि वहीतही. एवढाच पुरे:

‘उद्या शाळेत जंताची गोळी देणार आहोत. बहुतेक मुलांना काही होत नाही. पोटात जंत असतील तर कदाचित थोडा वेळ मळमळेल, पोट दुखेल, एखाद्याला उलटीही होईल. मूल आजारी असेल, औषध चालू असेल किंवा आजवर कधी फिट आली असेल, तर आजच मला कळवा.’

फिटची ओळ गाळू नका. मेंदूत फीतकृमीची गाठ असेल तर या औषधाने फिट येऊ शकते. अशा मुलाला आधी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय गोळी नको.

शिक्षकांना आणखी एक बजावून ठेवा. एखाद्याला उलटी झाली की त्याला गाजावाजा न करता वेगळ्या खोलीत आडवं करावं, पाणी द्यावं, जवळ कुणीतरी बसावं. ‘आणखी कुणाला होतंय का?’ असं वर्गात मोठ्याने विचारू नये. भीतीनेच दहा मिनिटांत अर्धा वर्ग पोट धरून बसतो, आणि खरोखर आजारी मूल त्या गर्दीत हरवतं. उलटी थांबत नसेल, मूल गुंगत असेल किंवा फिट आली, तर लगेच 108.

संध्याकाळी त्याच ग्रुपवर दुसरा निरोप: किती मुलांनी गोळी खाल्ली, किती जणांना त्रास झाला, ती आता कशी आहेत, आणि राहिलेल्यांना गोळी कोणत्या तारखेला मिळेल.